कामगार कुणामार्फत आला? छोट्या-मोठ्या व्यावसायिकांसाठी मानवी तस्करी ओळखण्याचे आणि रोखण्याचे मार्गदर्शन

वीटभट्टीवर, उसाच्या फडात, जरीकामाच्या खोलीत, ढाब्याच्या मोरीवर किंवा लॉजच्या दुसऱ्या मजल्यावर काम करणारा माणूस तिथवर कसा पोचला, हे मालकाला एका वाक्यात सांगता आले पाहिजे. सांगता येत नसेल तर तपासणीची सुरुवात तिथूनच करायची. तस्करी बहुतेक वेळा दिवसाढवळ्या येते, टेम्पोत भांडीकुंडी घालून, ओळखीच्या मुकादमाबरोबर. दाराला कुलूप क्वचितच असते. माणूस अडकतो तो हिशोबाच्या वहीत.

हा लेख मालक, व्यवस्थापक, लेबर ऑफिसर, लॉजचे रिसेप्शन सांभाळणारे आणि गाड्या चालवणारे यांच्यासाठी आहे. उदाहरणे महाराष्ट्रातली आहेत. राज्याबाहेर धंदा असेल तर किमान वेतनाचे दर आणि कार्यालये बदलतील, पण पाहणी करण्याची पद्धत हीच राहील.

आधी कायद्यातला अर्थ पक्का करा

राज्यघटनेच्या अनुच्छेद २३ नुसार माणसांचा व्यापार आणि वेठबिगार या दोन्हींवर बंदी आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तस्करीसाठी कलम १४३ आहे (त्याआधी हा गुन्हा भारतीय दंड संहितेच्या कलम ३७० खाली येत होता). त्यात तीन गोष्टी पाहिल्या जातात. पहिली म्हणजे कृती: माणसाला भरती करणे, नेणे, ठेवून घेणे, दुसऱ्याकडे सोपवणे किंवा ताब्यात घेणे. दुसरी म्हणजे मार्ग: धमकी, बळजबरी, पळवून नेणे, फसवणूक, अधिकाराचा गैरवापर, किंवा पैशाचे व लाभाचे आमिष. तिसरी म्हणजे हेतू: शोषण.

‘ठेवून घेणे’ आणि ‘ताब्यात घेणे’ हे शब्द मालकाने दोनदा वाचावेत. माणूस कुणी दुसऱ्यानेच फसवून आणला असेल, पण तो कसा आणला गेला हे माहीत असूनही तुम्ही राबवून घेतला, तर तुम्ही बाहेरचे राहत नाही. शिक्षा ७ ते १० वर्षांची आहे. एकाहून अधिक माणसे किंवा एखादे मूल असेल तर किमान १० वर्षे आणि जास्तीत जास्त जन्मठेप. आणि ‘तो स्वतःच्या मर्जीने आला होता’ हा बचाव चालत नाही. पीडित व्यक्तीची संमती या कलमात गैरलागू ठरवलेली आहे.

याच्या जोडीला वेठबिगार पद्धती निर्मूलन कायदा, १९७६ आहे. त्याने बंधबिगारीचे, म्हणजे ज्याच्या बदल्यात माणूस राबायला बांधला जातो असे, प्रत्येक कर्ज रद्द केले आणि ते वसूल करण्यासाठी दावा लावायलाही बंदी घातली. मजूर म्हणाला की हे कर्ज बंधबिगारीचे आहे, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचे ओझे पैसे देणाऱ्यावर येते. १९८२ साली एशियाडच्या बांधकाम मजुरांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल पुढे टाकले: किमान वेतनापेक्षा कमी पैशात काम करून घेणे ही अनुच्छेद २३ मधली सक्तीची मजुरी आहे, कारण भूक हीसुद्धा सक्तीच आहे. म्हणजे मारहाण नाही, पहारा नाही, तरीही सक्ती असू शकते.

माणूस आणि मालक यांच्या मधली साखळी लिहून काढा

एक कोरा कागद घ्या आणि प्रत्येक टोळीसाठी ही साखळी मांडा: गाव, गावातला पहिला माणूस, मुकादम, ठेकेदार, वाहतूकदार, तुम्ही. प्रत्येक सांध्यावर तीन गोष्टी लिहा. इथे पैसे कुणी कुणाला दिले, काय सांगून दिले, आणि कागद कुणाच्या नावाचा झाला.

ऊसतोडीत हा कागद भरला की गफलत लगेच दिसते. साखर कारखान्याचा करार वाहतूकदाराशी किंवा मुकादमाशी असतो. उचल, म्हणजे मजुरीपोटी दिलेले आगाऊ पैसे, मुकादमाच्या हातात जाते. तो बीड, अहिल्यानगर, जालना भागातल्या गावांत दसऱ्याच्या आगेमागे कोयत्यामागे पैसे वाटतो. ‘कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्या जोडीचा कारखान्याशी कागदोपत्री काहीच संबंध नसतो, आणि जोडीतल्या बाईचे नाव तर मुकादमाच्या वहीतही नसते. फडात एक दिवस गैरहजर राहिले तर ‘खाडा’ म्हणून पैसे कापले जातात, आणि आजारी बाईचा खाडा नवऱ्याच्या हिशोबात पडतो. साखळीत जितके सांधे जास्त, तितकी पहिल्या सांध्यावर काय वचन दिले गेले हे तुम्हाला कळण्याची शक्यता कमी.

म्हणून साधा नियम ठेवा: मधल्या माणसाला दिलेली दलाली तुमच्या खर्चात धरायची, मजुराच्या खात्यात कधीही टाकायची नाही. येण्याचे टेम्पोभाडेही तुमचेच. मजूर स्वतःच्या पैशाने नोकरी विकत घेऊन आला असेल, तर तो पहिल्या दिवसापासूनच कर्जात आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे. ते मराठीत, आणि कामगार परप्रांतीय असेल तर त्याला कळेल अशा भाषेत द्या. कामाचे ठिकाण, दर, मोजमाप कसे होईल, सुट्टी कधी आणि हिशोब कोणत्या तारखेला, एवढे त्यात हवेच. ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाला भरावी लागते, हेही विसरू नका. ‘ते ठेकेदाराचे लोक आहेत’ असे म्हणून हात झटकता येत नाहीत.

उचलीचा हिशोब स्वतः मांडून बघा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यावा. रायगड, ठाणे, पालघरच्या वीटभट्ट्यांवर कातकरी कुटुंबे बयाणा, म्हणजे उचलच, घेऊन येतात. पावसाळ्याच्या शेवटी, घरात दाणा नसताना, हातात पैसे पडतात. भट्टी दिवाळीनंतर सुरू होते आणि पावसापर्यंत चालते. मधल्या काळात दर आठवडी बाजाराला ‘खर्ची’ मिळते, म्हणजे मीठमिरचीपुरते पैसे. मजुरीचा हिशोब शेवटी एकदाच होतो.

समजा, एका जोडप्याने ४०,००० रुपये बयाणा घेतला. हजार विटांना ८०० रुपये दर ठरला. दोघे मिळून आठवड्याला ५,००० विटा पाडतात आणि हंगाम २६ आठवड्यांचा आहे. विटा झाल्या १,३०,०००, मजुरी झाली १,०४,००० रुपये. खर्ची आठवड्याला १,५०० प्रमाणे ३९,०००. ती आणि बयाणा वजा केला तर जोडप्याला २५,००० रुपये मिळायला हवेत.

आता वही बघा. फुटतूट म्हणून दहा टक्के विटा वजा: १०,४००. अवकाळी पावसात भिजलेल्या २०,००० विटा मोजल्याच नाहीत: १६,०००. दवाखाना ३,०००. येतानाचे टेम्पोभाडे ४,०००. एकूण ३३,४००. म्हणजे २५,००० मिळण्याऐवजी जोडप्याच्या अंगावर ८,४०० रुपये निघाले. मालक म्हणतो, ‘पुढच्या हंगामात फेडा.’ सापळा बसला तो याच ओळीवर, आणि तो बसवण्यासाठी कुणी आवाजही चढवला नाही.

या हिशोबातल्या चार कपाती एकेक करून तपासा. पाऊस ही धंद्याची जोखीम आहे, ती मजुराची नाही. पाडलेली वीट मोजून ताब्यात घेतली की त्यानंतरची फुटतूट मालकाची. भाडे मालकाचे. दवाखाना कामावर झालेल्या इजेचा असेल तर तोही मालकाचाच. आता शेवटची परीक्षा. १,०४,००० रुपयांना २६ आठवडे, आठवड्याला सहा दिवस आणि दोन माणसे, म्हणजे ३१२ मनुष्यदिवसांनी भागा. उत्तर येते ३३३ रुपये. हा आकडा तुमच्या उद्योगाच्या आणि परिमंडळाच्या चालू किमान वेतनाशी ताडून बघा. महागाईप्रमाणे विशेष भत्ता दर सहा महिन्यांनी बदलतो, त्यामुळे गेल्या वर्षीचा तक्ता चालत नाही. आकडा कमी भरला तर वही कितीही स्वच्छ असली तरी तुम्ही अनुच्छेद २३ च्या चुकीच्या बाजूला उभे आहात. आणि जोडप्याबरोबर त्यांचे दहा वर्षांचे पोर विटा उलटवत असेल तर भागाकारात तिसरा माणूस येतो, आकडा आणखी खाली जातो आणि गुन्हा दुसराच होतो.

उचल बुडते, ही मालकांची तक्रार खोटी नाही. पैसे घेऊन टोळी आलीच नाही, असे दर हंगामात घडते आणि छोटा भट्टीवाला त्यात बुडतोही. पण त्यावरचा उपाय माणूस अडवून ठेवणे हा नाही. उपाय असे आहेत: उचल लहान ठेवा, साधारण महिन्या-दीड महिन्याच्या मजुरीएवढी. ती मुकादमाच्या हातात न देता मजुराच्या बँक खात्यात टाका, नवरा आणि बायको दोघांच्या खात्यांत वेगवेगळी. वसुलीचे हप्ते आधीच लिहून ठेवा. मजुरीतून होणारी एकूण कपात कायद्याने निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नये. हिशोब हंगामाच्या शेवटी न करता दर पंधरवड्याला करा आणि त्याची चिठ्ठी मजुराकडे राहू द्या. ज्याच्या हातात चिठ्ठी आहे, त्याच्या वहीत रातोरात आकडे वाढत नाहीत.

वय: आधार कार्डावर थांबू नका

१४ वर्षांखालच्या मुलाला कोणत्याही धंद्यात कामाला ठेवता येत नाही. घरच्या धंद्यात शाळा सांभाळून केलेली मदत आणि बालकलाकार हे दोनच अपवाद. १४ ते १८ वयाच्या मुलांना खाणी, स्फोटके आणि धोकादायक प्रक्रिया यांत बंदी आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर शिक्षा ६ महिने ते २ वर्षे, किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. शिवाय १८ खालच्या मुलाला कामासाठी बांधून ठेवले किंवा त्याची कमाई अडवली, तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७९ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी.

दलाल मुलांना ‘एकोणीस वर्षांचा’ करून आणतात ते बहुधा आधार कार्डावर. आधार ही ओळखीची खूण आहे, जन्मतारखेचा पक्का पुरावा नव्हे. सर्वोच्च न्यायालयानेही २०२४ मध्ये तसे स्पष्ट केले आहे. एकाच टोळीतल्या पाच-सहा जणांची जन्मतारीख १ जानेवारी असेल किंवा कार्डावर नुसते वर्ष असेल, तर थांबा. कायद्यात वय ठरवण्याचा क्रम असा आहे: आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच वैद्यकीय चाचणी. शाळेचा दाखला मागा, आणि शंका असेल तर गावच्या शाळेत फोन करा. दहा मिनिटांचे काम आहे.

कागदांची छायाप्रत ठेवा, मूळ कागद परत द्या. आधार, एटीएम कार्ड, पासबुक, पासपोर्ट ‘सांभाळण्यासाठी’ मालकाच्या कपाटात असणे हेच धोक्याचे चिन्ह आहे. पासपोर्ट तर भारत सरकारची मालमत्ता आहे, तो दाबून ठेवण्याचा अधिकार कोणत्याही मालकाला नाही. खोलीत चोरीची भीती असेल तर प्रत्येकाला किल्लीचा लहान कप्पा द्या, आणि किल्ली त्याच्याकडेच राहू द्या.

कामगाराशी बोलायचे कसे

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने सक्तीच्या मजुरीची ११ चिन्हे दिली आहेत: असहायतेचा फायदा, फसवणूक, हिंडण्याफिरण्यावर बंधन, एकटे पाडणे, मारहाण किंवा लैंगिक अत्याचार, धाकदपटशा, कागद काढून घेणे, मजुरी अडवणे, कर्जाचा विळखा, राहण्या-कामाची अमानुष स्थिती आणि बेसुमार जादा काम. यांतले एखादे दिसले म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असे नाही. पण दोन-तीन एकत्र दिसली की चौकशी टाळायची नाही.

बोलताना मुकादम जवळ नको. दुभाषी त्याच टोळीतला नको. ओडिशा, झारखंड, बंगाल किंवा नेपाळचे कामगार असतील तर त्यांची भाषा बोलणारा बाहेरचा माणूस आणा, फोनवर असला तरी चालेल. बाईशी बाईने बोलावे. कामाच्या वेळेत बोला, म्हणजे त्याची मजुरी बुडत नाही आणि संध्याकाळी ‘मालकाकडे काय बोललास’ ही चौकशी टळते. सगळ्यांशी पाच-पाच मिनिटे बोला. एकालाच बोलावले तर तो एकटा उघडा पडतो.

प्रश्न साधे ठेवा. अंगावर किती पैसे आहेत? तो आकडा कुणी सांगितला? आधार कुठे आहे? फोन कुणाकडे असतो? घरच्यांशी शेवटचे कधी बोललात? गावाहून निघताना काय काम सांगितले होते? बाजाराला एकटे जाता का? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न: ‘उद्या सकाळी काम सोडून गावी जायचे ठरवले तर काय होईल?’ मोकळा माणूस म्हणतो, ‘जाईन की, मजुरी घेऊन जाईन.’ अडकलेला आधी मुकादमाच्या दिशेने बघतो. सगळ्यांची उत्तरे शब्दशः सारखी आली तर ती पढवलेली आहेत असे समजा.

‘अडचण नाही’ असे कुणी म्हणाले म्हणून वही मिटू नका. माणूस लगेच बोलत नाही. तक्रारीचा फोन नंबर, त्याच्या भाषेत, संडासाच्या दाराच्या आतल्या बाजूला लावा. तिथे तो कुणाच्या नजरेत न येता वाचता येतो.

लॉज, हॉटेल आणि गाड्या

लॉजमालकांची चूक दोन टोकांची असते. एक तर काहीच बघायचे नाही, नाहीतर प्रत्येक जोडप्याची उलटतपासणी करायची. दोन सज्ञान माणसे राजीखुशीने खोली घेत असतील तर तो गुन्हा नाही. त्यांची जात, धर्म, लग्न विचारणे हे तुमचे काम नाही. त्यात वेळ घालवला की खरी खूण नजरेतून सुटते.

खरी खूण असते ती ताब्याची. मुलीचे ओळखपत्र दुसऱ्याच माणसाच्या खिशात, आणि नाव विचारले की उत्तरही तोच देतो. आपण कोणत्या गावात आहोत हे तिला सांगता येत नाही. एकच इसम आठवड्यात तीनदा वेगवेगळ्या मुली घेऊन येतो. खोलीचे भाडे तिथे राहणाऱ्या माणसाकडून न येता तिसऱ्याकडून येते, आणि दिवसभरात पाच-सहा वेगवेगळे पुरुष वर जातात. साफसफाईला आत येऊ देत नाहीत, पण टॉवेल पुन्हा पुन्हा मागवतात. मुलगी लहान वाटते आणि सामान काहीच नाही. यातले बरेचसे रिसेप्शनला दिसत नाही. ते दिसते साफसफाई करणाऱ्या मावशींना आणि रात्रीच्या वॉचमनला. म्हणून आधी शिकवायचे ते त्यांना, आणि त्यांनी काही सांगितले तर ते ऐकून घेणारा एक माणूस ठरवून ठेवायचा.

प्रत्येकाचे ओळखपत्र त्याच्या स्वतःच्या हातून घ्या. एकाच्या कार्डावर चौघांची खोली देऊ नका. परदेशी पाहुण्याची माहिती २४ तासांत ऑनलाइन भरा. पोक्सो कायद्याच्या कलम २० नुसार हॉटेल, लॉज, स्टुडिओ यांच्या कर्मचाऱ्यांनी मुलाच्या लैंगिक शोषणाचे साहित्य दिसल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे, आणि कलम १९ खाली तर गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने. न कळवण्यालाही शिक्षा आहे. पीटा, म्हणजे अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याखाली हॉटेलचा परवाना तीन महिने ते एक वर्ष निलंबित होऊ शकतो, आणि प्रकरण अल्पवयीन मुलीचे असेल तर रद्दही.

खासगी बस आणि टेम्पोवाल्यांनी एवढे पाहावे: नात्यातला कुणी बरोबर नसलेली सात-आठ मुले, सर्वांची तिकिटे एकाच्या हातात, आणि त्या एकाला मुलांची पूर्ण नावे येत नाहीत. रेल्वेत असे दिसले तर १३९ वर फोन करा.

संशय पक्का झाला तर पुढचे २४ तास

१. समोरच्याला जाब विचारू नका. ‘पोलिसांना बोलावतो’ म्हटले की दलाल माणसे हलवतो, आणि मार त्यांनाच बसतो.

२. पाहिलेले लिहा: तारीख, वेळ, गाडीचा नंबर, किती माणसे, कोण काय म्हणाले. जे पाहिले ते आणि जे वाटले ते वेगवेगळे लिहा. सीसीटीव्हीचे चित्रण काही दिवसांनी आपोआप पुसले जाते, म्हणून त्याची प्रत त्याच दिवशी काढा.

३. फोन करा. तातडीचा धोका असेल तर ११२. मूल असेल तर १०९८. बाईसाठी १८१. पोलिसांचा अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंध कक्ष जिल्ह्यात आणि आयुक्तालयात असतो. त्याचा नंबर आजच शोधून भिंतीवर लावा, रात्री अडीच वाजता शोधत बसू नका. एकटे, बेवारस वाटणारे मूल सापडले तर २४ तासांत कळवणे ही कायदेशीर जबाबदारी आहे. मुलाला पोलीस किंवा १०९८ चे लोक २४ तासांत बाल कल्याण समितीपुढे नेतात.

४. फोटो काढून ग्रुपवर टाकू नका. पीडित मुलाची ओळख उघड करणे हा स्वतंत्र गुन्हा आहे, आणि गावात त्या मुलीचे परतणे त्याने कायमचे अवघड होते.

या टप्प्यावर सगळ्यात मोठी चूक सज्जन मालकच करतात. आपल्या ठेकेदाराने अल्पवयीन मुले आणल्याचे कळते, मालक घाबरतो, आणि संध्याकाळच्या गाडीने मुलांना ‘घरी’ पाठवून देतो. मुले घरी पोचत नाहीत. ठेकेदार त्यांना पुढच्या शहरात उतरवतो. मजुरी बुडते, पुरावा जातो, आणि मुले पुन्हा दिसेनाशी होतात. मुलांना जेवण द्या, ठेकेदारापासून वेगळ्या जागी ठेवा, १०९८ ला कळवा आणि थकलेली मजुरी मोजून तयार ठेवा.

वेठबिगारी निघाली तर

तक्रार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा तहसीलदार यांच्याकडे करता येते. तपास करून प्रांत किंवा जिल्हाधिकारी मुक्ती प्रमाणपत्र देतात. हा एक कागद मजुराच्या पुढच्या आयुष्याचा आधार आहे. केंद्राच्या योजनेत ३०,००० रुपयांपर्यंत तातडीची मदत आणि नंतर पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, स्त्रिया व मुलांना २ लाख आणि अतिशोषणाच्या प्रकरणात ३ लाख रुपयांची तरतूद आहे. प्रमाणपत्राविना सोडवलेला मजूर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा त्याच मुकादमाच्या दारात उभा दिसतो.

अर्ज बहुतेक वेळा एका चुकीमुळे अडतो. त्यात लिहिलेले असते, ‘मजुरी थकली आहे.’ मग प्रकरण कामगार कार्यालयात जाते, थकबाकीचा वाद ठरते आणि बंधबिगारीचा विषयच बाजूला पडतो. अर्जात या गोष्टी स्पष्ट लिहा: उचल किती आणि कधी घेतली, कुणाकडून, काम सोडू दिले जात नाही हे कशावरून, दिवसाला मजुरी किती पडते, किती तास काम, घरातले आणखी कोण राबतात. साक्षीला वहीच्या पानांचे फोटो जोडा.

मालक म्हणून तुमच्याच आवारात हे घडले असेल तर वही जाळू नका, आकडे बदलू नका. वकील गाठा, यंत्रणेला पूर्ण सहकार्य करा, किमान वेतनाप्रमाणे फरकाची रक्कम मजुराच्या खात्यात भरा आणि उरलेली उचल सोडून द्या. कायद्याने ती आधीच बुडीत आहे.

मुले गहाण पडतात तेही अशाच छोट्या उचलीपायी. २०२२ मध्ये इगतपुरी तालुक्यातली कातकरी मुले काही हजार रुपये आणि एखादी मेंढी यांच्या बदल्यात मेंढ्या वळायला ठेवल्याचे उघड झाले, तेही एका मुलीच्या मृत्यूनंतर. तुमच्याकडे मेंढरे, गुरे, ढाबा काहीही असो, घरापासून दूर ठेवलेले मूल ‘नात्यातले’ आहे असे कुणी म्हणाले तर आईशी फोनवर बोला.

परदेशी नोकऱ्या आणि मोठे खरेदीदार

ट्रॅव्हल एजन्सी किंवा प्लेसमेंट चालवत असाल तर दोनच गोष्टी. परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवायला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली नोंदणी लागते, आणि सेवाशुल्क ३०,००० रुपये अधिक जीएसटी यापलीकडे घेता येत नाही. नोंदणी ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येते. ‘थायलंडला डेटा एंट्री, व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून देतो’ असे सांगून नेलेली भारतीय मुले म्यानमारच्या म्यावाडीतल्या सायबर फसवणुकीच्या तळांत कोंडली गेली. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी त्यांतल्या पाचशेहून अधिक जणांना परत आणावे लागले. नोकरीसाठी पर्यटक व्हिसाचे तिकीट काढून मागणारा गिऱ्हाईक आला तर त्याला नियुक्तिपत्र विचारा, आणि तिकीट काढण्याआधी त्या देशातल्या भारतीय दूतावासाला ईमेल करायला सांगा.

इचलकरंजी, भिवंडी, सोलापूरच्या कारखानदारांकडे आता मोठे खरेदीदार बालमजुरी आणि सक्तीच्या मजुरीबद्दल प्रश्नावल्या पाठवतात. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीच्या नियमांनुसार बाजारमूल्यात पहिल्या हजारांत असलेल्या सूचीबद्ध कंपन्यांना आपल्या वार्षिक अहवालात याची माहिती द्यावी लागते, त्यामुळे हे प्रश्न खालपर्यंत येतात. ‘नाही, नाही, नाही’ असे भरून पाठवू नका. वर सांगितलेला साखळीचा कागद, पंधरवड्याच्या हिशोबाच्या चिठ्ठ्या आणि वयाचे दाखले जोडा. आणि खरेदीदार दर इतका पाडत असेल की त्यात किमान वेतन बसतच नाही, तर हजार नगांमागे मजुरी किती पडते याचा भागाकार करून त्याच प्रश्नावलीबरोबर त्याला पाठवा.